कोंबडीचं ‘अमर’ हृदय आणि पन्नासचा आकडा

आजचा विषय आहे म्हातारपण. थांबा, लगेच स्किप करू नका! आपण विशी-तिशीतले लोक, आपल्याला काय करायचंय म्हातारपणाशी, असं वाटेल. पण तुमच्याही फीडवर ‘वय उलटं फिरवा’ छापाच्या पावडरी आणि कॅप्सूल येतच असणार. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर रोज येतात. बाबा रिटायर झाल्यापासून जरा जास्तच. त्या जाहिरातींत एक शब्द हमखास असतो: टेलोमेअर. हा शब्द आला कुठून, ते शोधायला बसलो आणि थेट १९१२ सालच्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचलो. तिथे एका काचेच्या भांड्यात कोंबडीच्या हृदयाचा तुकडा होता. म्हणे, तो कधी मरणारच नव्हता.

हे भांडं होतं अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदाचं. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारा हा माणूस साधासुधा नव्हता. तुटलेल्या रक्तवाहिन्या सुईदोऱ्याने जोडायचं तंत्र त्याने बसवलं आणि त्यासाठी १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच वर्षी १७ जानेवारीला त्याने कोंबडीच्या भ्रूणातल्या हृदयाच्या पेशी शरीराबाहेर वाढवायला घेतल्या. त्या वाढत राहिल्या. एक वर्ष, पाच वर्षं, दहा वर्षं. पुढे अल्बर्ट एबेलिंग हा सहकारी त्यांची देखभाल करू लागला. वर्तमानपत्रं तर या पेशींचा वाढदिवस छापायची. १९४४ मध्ये खुद्द कॅरेल वारला, तरी पेशी चालूच. शेवटी १९४६ मध्ये तो प्रयोग बंद केला. तब्बल ३४ वर्षं! कोंबडी काही इतकी जगत नाही.

यातून निष्कर्ष निघाला तो असा: पेशी मुळात अमर असतात. नीट खायला-प्यायला घाला, त्या विभागत राहतील. मग माणूस म्हातारा का होतो? तर शरीराच्या व्यवस्थेत कुठेतरी बिघाड होतो म्हणून. पेशीचा त्यात दोष नाही. हे पाठ्यपुस्तकात गेलं आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं तिथेच राहिलं.

आता गंमत ऐका. बाकीच्या प्रयोगशाळांमध्ये लोकांच्या पेशी काही महिन्यांनी मरायच्या. कॅरेलसारखा निकाल कुणालाच मिळत नव्हता. पण ‘कॅरेलचं चुकलं असेल’ असं म्हणणार कोण? ज्याच्या त्याच्या मनात एकच: आपलंच काहीतरी चुकतंय. द्रावण बिघडलं असेल, भांडी नीट धुतली नसतील. आम्ही सॉफ्टवेअरवाले एका वाक्यावर रोज हसतो: ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ कॅरेलचा प्रयोग म्हणजे त्याचा पणजोबा. फक्त त्याच्याच मशीनवर चालत होता, आणि तरी सगळं जग स्वतःच्या मशीनमध्ये बग शोधत होतं.

मग गोष्टीत येतो लिओनार्ड हेफ्लिक. फिलाडेल्फियाचा मुलगा, विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला, वय जेमतेम तिशीचं. म्हातारपणाशी त्याचा काही संबंध नव्हता. विषाणूंमुळे माणसाला कर्करोग होतो का, हे त्याला तपासायचं होतं. त्यासाठी निरोगी मानवी पेशी वाढवणं चालू होतं. त्याच्याही पेशी काही महिन्यांनी विभागायच्या थांबल्या. पण त्याने एक साधी गोष्ट केली. नोंदवही बघितली. थांबलेल्या पेशी कुठल्या? तर फक्त जुन्या. त्याच द्रावणात, तशाच भांड्यात, त्याच हातांनी वाढवलेल्या नव्या पेशी मात्र मजेत होत्या. दोष द्रावणाचा असता तर सगळ्याच मेल्या असत्या ना?

ही शंका कायमची मिटवायला त्याने आणि पॉल मूरहेडने एक प्रयोग रचला. मला तो फार आवडतो. पुरुषाच्या पेशी घेतल्या, ज्या आधीच खूप वेळा विभागल्या होत्या. स्त्रीच्या पेशी घेतल्या, ज्या अजून ‘तरुण’ होत्या. दोन्ही एकाच भांड्यात मिसळल्या. मूरहेड गुणसूत्रांचा जाणकार, त्यामुळे कुठली पेशी कुणाची हे त्याला ओळखता यायचं. काही काळाने बघितलं तर भांड्यात फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या होत्या. खाणं तेच, भांडं तेच, आणि तरी म्हाताऱ्या पेशी गेल्या. म्हणजे मोजणी पेशीच्या आत कुठेतरी चालू होती.

ही मोजणी किती पक्की होती माहितीये? भ्रूणाच्या पेशी साधारण ५० वेळा दुप्पट व्हायच्या आणि थांबायच्या. विसाव्या वेळेला त्या गोठवून ठेवल्या आणि पुढे कधीतरी वितळवल्या, तर त्या उरलेल्या तीसेक वेळाच विभागायच्या. जणू कुणी पॉज दाबला होता. आकडा लहान वाटतो ना? कॅल्क्युलेटर काढा. दोनाचा पन्नासावा घात म्हणजे एकावर पंधरा शून्यांहूनही मोठी संख्या. एका पेशीपासून एवढ्या पेशी!

हेफ्लिक आणि मूरहेडने निबंध लिहून ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन’कडे पाठवला. नकार आला. संपादक पेटन राऊस हे मोठे शास्त्रज्ञ, पुढे त्यांनाही नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं, योग्य वातावरण दिलं की पेशी अनंतकाळ विभागतात, हे गेल्या पन्नास वर्षांत सिद्ध झालेलंच आहे. आणि हे नियतकालिक चालवत कोण होतं? रॉकफेलर इन्स्टिट्यूट. कॅरेलचीच संस्था! निबंध शेवटी १९६१ मध्ये ‘एक्सपेरिमेंटल सेल रिसर्च’मध्ये आला. मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये या मर्यादेला ‘हेफ्लिक लिमिट’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

मग कॅरेलच्या पेशी ३४ वर्षं जगल्या कशा? त्यांना कोंबडीच्या भ्रूणाचा अर्क पाजला जायचा. त्या अर्कातून ताज्या जिवंत पेशी भांड्यात जात असाव्यात, असं सर्वात पटणारं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे जुन्या मरत होत्या आणि नव्या येत होत्या.

पण पेशी मोजते कशी? याचं उत्तर सुचलं मॉस्कोच्या मेट्रो स्टेशनवर. अलेक्सी ओलोव्निकोव्ह हा रशियन जीवशास्त्रज्ञ हेफ्लिकच्या शोधावरचं व्याख्यान ऐकून निघाला होता. समोर गाडी आली आणि त्याच्या डोक्यात आलं: डीएनएची नक्कल करणारं यंत्र म्हणजे रुळावरची गाडी समजा. गाडी जिथे उभी आहे, तिच्या खालचा तुकडा तिला कसा वाचता येणार? म्हणजे प्रत्येक नकलेत टोकाचा थोडा भाग सुटणार. धागा दर वेळी थोडा आखूड होणार. हे त्याने १९७१ मध्ये मांडलं.

ती टोकं म्हणजेच टेलोमेअर. १९७८ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात दाखवलं की तिथे सहा अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते ना, तसं. १९८४ च्या नाताळच्या दिवशी ब्लॅकबर्नची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला ही टोपी पुन्हा लांब करणाऱ्या विकराचा पुरावा मिळाला. तो विकर म्हणजे टेलोमरेज. २००९ चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं.

इथेच जाहिरातवाल्यांना खाऊ मिळाला. टेलोमेअर लांब करा, तरुण राहा! १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी मानवी पेशींत टेलोमरेज चालू करून दाखवलं आणि त्या हेफ्लिकची मर्यादा ओलांडून गेल्याही. पण पुढचं वाक्य जाहिरातीत नसतं. शरीरात टेलोमरेज चालू ठेवणाऱ्या पेशी आणखी कुठे सापडतात? कर्करोगात. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत तो सापडतो. बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी १९५१ पासून आजही विभागतायत. खरी अमर पेशी ही अशी असते. म्हणजे पन्नासची मर्यादा हा नुसता शाप नाही. वाहवत जाणाऱ्या पेशीला लावलेला तो ब्रेक आहे. मला हे कळलं तेव्हा म्हातारपणाकडे बघायची नजरच बदलली.

शिवाय टेलोमेअर म्हणजे आयुष्याचा काउंटडाउन नव्हे. मेंदूतल्या बहुतेक पेशी मोठेपणी विभागतच नाहीत, तरी मेंदू म्हातारा होतोच. म्हातारपणाला एक कारण नाही, त्यामुळे एक गोळीही नाही.

या गोष्टीचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. हेफ्लिकने १९६२ मध्ये डब्ल्यूआय-३८ नावाच्या मानवी पेशी तयार केल्या आणि अशा पेशींवर लसीचे विषाणू वाढवायची वाट मोकळी झाली. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम झाली, आठवतंय? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या या लसीतला रुबेलाचा विषाणू ‘विस्टार आरए २७/३’ या वाणाचा, आणि तो मानवी पेशींवरच वाढवतात. विस्टार म्हणजे हेफ्लिकचीच संस्था. तुमच्या धाकट्या भावंडाच्या दंडात गेलेल्या सुईला हा इतिहास आहे. त्याला एक काळी बाजूही आहे. डब्ल्यूआय-३८ ज्या भ्रूणापासून आल्या, त्या स्वीडिश बाईला कुणी विचारलं नव्हतं. हेन्रिएटालाही नाही.

आणि हेफ्लिकचं स्वतःचं मत? २००२ मध्ये ५१ शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढलं, त्याच्या लेखकांत तो होता. बाजारात विकलं जाणारं एकही औषध माणसाचं म्हातारपण थांबवतं किंवा उलटवतं हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ज्याच्या शोधावर हा बाजार उभा राहिला, तोच माणूस ‘घेऊ नका’ म्हणत होता! २०२४ मध्ये, ९६ व्या वर्षी तो गेला.

मग आपण करायचं काय? कंटाळवाणं आहे, पण खरं आहे. तंबाखूपासून लांब राहायचं, रोज चालायचं, बीपी आणि साखर वेळेवर तपासायची. याने पेशीतलं घड्याळ थांबत नाही. पण म्हातारपणी जिना चढता येणं आणि न येणं, यात याने फरक पडतो. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर चमत्काराची कॅप्सूल आली की एकच प्रश्न विचारा: हे दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत चाललं का? कॅरेलला हा प्रश्न मोठ्याने विचारायला जगाला पन्नास वर्षं लागली. आपल्याला पाच मिनिटं पुरतात.

भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका, खास करून त्या कॅप्सूलच्या फॉरवर्डखाली. भेटू पुढच्या भागात!