तळटीप : ग्राही प्रथिनाचा परतीचा प्रवास

३. *आत ओढले जाते* – मूळ मजकूर येथे थांबतो. पण एलडीएल-ग्राहीचे खरे कौतुक त्यापुढे आहे. यकृतपेशीच्या पटलावरचे हे प्रथिन रक्तातला कोलेस्टेरॉलवाहू एलडीएल कण धरते आणि त्याच्यासह पुटिकेतून एंडोसोम नावाच्या कप्प्यात पोहोचते. कोणते प्रथिन परत पाठवायचे व कोणते मोडीत काढायचे, याचा निवाडा इथे होतो. एंडोसोममध्ये आम्लता वाढली (पीएच सुमारे ६) की ग्राही स्वतःवरच दुमडते आणि कण सुटतो. कण लायसोसोम या पचन करणाऱ्या कप्प्यात पचतो. मोकळे झालेले ग्राही अरुंद नळ्यांवाटे पटलावर परतते. एका फेरीला सुमारे १० मिनिटे लागतात आणि एकच ग्राही अशा शंभरावर फेऱ्या करते. याउलट वाढीचा संकेत घेणाऱ्या ईजीएफ-ग्राहीवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागली, की ते एंडोसोमच्या आतल्या पुटिकांत बंदिस्त होऊन नष्ट होते.

मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना कोलेस्टेरॉलच्या नियमनावरील संशोधनासाठी १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पीसीएसके९ या प्रथिनाचे काम उलगडले : ते एलडीएल-ग्राहीला चिकटते, आम्लातही सुटत नाही आणि ग्राहीची रवानगी लायसोसोमकडे होते. ग्राही घटली की रक्तातले एलडीएल वाढते. पीसीएसके९ला अडवणारी प्रतिपिंडे २०१५ पासून औषध म्हणून वापरात आहेत. हृदयविकाराचा धोका कमी करणारा हा उपचार एंडोसोममधल्या या निवाड्यावरच उभा आहे, म्हणून वाचकाने तो निवाडा नीट समजून घ्यावा. – संपा.