हरताळ, खरवड आणि डिलीट

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आज आपण नियम किंवा तत्त्व धाब्यावर बसवणे या अर्थाने वापरतो. त्याचे मूळ मात्र लेखनिकाच्या बैठकीत आहे. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप दिला जाई. अक्षरे झाकली जात, पण लेपाखाली शाई उरे. आणि तो पिवळा पट्टाच येथे काही दुरुस्त झाले आहे, हे वाचकाला सांगत राही. युरोपातील चर्मपत्रावर मात्र सुरीने शाईच खरवडून काढत. झाकणे आणि खरवडणे यांतील हा भेद पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना परिचित आहे. इमारतींच्या संगणकीय नोंदी आज ज्या रीतीने पुसल्या जातात, ती समजून घेतानाही तो कळीचा ठरतो.

खरवडून पुसलेल्या इमारतीचे एक प्रसिद्ध उदाहरण स्वित्झर्लंडमधील सेंट गालच्या ग्रंथालयात आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात पाच चर्मपत्रे शिवून एका आदर्श मठाचा आराखडा त्यावर काढला गेला. त्यात सुमारे ४० वास्तू आहेत. बाराव्या शतकात कोणा लेखनिकाने त्याची घडी घालून मागच्या कोऱ्या बाजूवर संत मार्टिनचे चरित्र उतरवले. शेवटी जागा अपुरी पडली, तेव्हा त्याने पुढच्या बाजूच्या कोपऱ्यातील एक मोठी वास्तू खरवडली आणि उरलेला मजकूर तेथे लिहिला. ती वास्तू कशासाठी होती, याविषयी अभ्यासक आजही तर्कच करतात. पण तेथे एक वास्तू होती आणि ती पुसली गेली, एवढे निश्चित कळते. गंमत अशी, की घडी घातलेले हे चर्मपत्र पुढे जपले गेले ते बहुधा संतचरित्र म्हणूनच. ज्या हाताने एक वास्तू पुसली, त्यानेच उरलेला आराखडा वाचवला.

पुढे कित्येक शतके इमारतीची नोंद म्हणजे रेखाचित्रांचा गठ्ठा असे. एकच भिंत तळनकाशात, छेदचित्रात आणि दर्शनी चित्रात वेगवेगळी काढली जाई. एका कागदावर तिच्याविषयी खाडाखोड झाली तरी दुसरा कागद साक्षीला राही. या पुनरुक्तीतून विसंगती जन्मत, हे अमेरिकेतील चार्ल्स ईस्टमन यांनी हेरले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी रेखाचित्रांऐवजी इमारतीचे एकच संगणकीय वर्णन ठेवावे आणि सर्व चित्रे त्यातूनच काढावीत, अशी कल्पना मांडली. आजच्या 'बिम' प्रणालींचे हे एक मूळ. त्यात भिंत एकदाच नोंदवली जाते आणि तिला स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. विसंगती गेली, पण साक्षीदारही गेले. ती एक नोंद काढली, की भिंत सर्व चित्रांतून एकदम नाहीशी होते.

या नोंदी आता दूरस्थ सर्व्हरवर असतात आणि एपीआय या मार्गाने एक आज्ञावली दुसरीला त्या वाचायला, बदलायला किंवा काढायला सांगते. वेबच्या एचटीटीपी या संकेतप्रणालीत 'डिलीट' ही आज्ञा आहे. तिच्या प्रमाणलेखातील एक बारकावा लक्षणीय आहे: ही आज्ञा पत्ता आणि नोंद यांचा संबंध तोडण्यास सांगते, मूळ माहिती नष्ट झालीच पाहिजे, असे ती बजावत नाही. म्हणजे हरताळ फासायचा की खरवडायचे, हे प्रणाली रचणाऱ्यावर सोपवले आहे. अनेक प्रणाली नोंद आधी नुसती झाकतात. कायमची काढण्यासाठी वेगळी पायरी असते. ती ओलांडल्यावर '२०४' असा उत्तरांक येऊ शकतो. त्याचा अर्थ, काम झाले, सांगण्यासारखे काही नाही. त्या भिंतीविषयीच्या शंका, तपासण्या आणि मंजुऱ्या मात्र जुना क्रमांक धरून उरू शकतात. पान फाटलेल्या ग्रंथाकडे बोट दाखवणाऱ्या तळटीपांसारख्या.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली. ७२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर २०१८ साली ज्युडिथ हॅकिट यांनी सादर केलेल्या अहवालात इमारतीच्या माहितीचा 'सोनेरी धागा' रचनेपासून वापरापर्यंत अखंड राहावा, असा आग्रह धरला. प्रत्यक्षात काय बांधले गेले, नंतर काय बदलले, कोणी मंजूर केले, हे रहिवाशांच्या जिवाशी निगडित आहे, ही त्यामागची जाणीव होती. २०२२ च्या ब्रिटिश इमारत सुरक्षा कायद्यानंतर इंग्लंडमधील उंच निवासी इमारतींसाठी अशी डिजिटल माहिती सांभाळणे बंधनकारक झाले.

याचा अर्थ सारेच जपावे, असा नाही. कालबाह्य प्रतिरूप चुकून खरे मानले गेले तर चुकीचेच बांधले जाईल. शिवाय इमारतीचा अंतर्बाह्य तपशील कोणाच्याही हाती पडणे धोक्याचे असते. पुसण्याचा अधिकार आवश्यकच आहे. प्रश्न आहे तो पुसल्याच्या खुणेचा. हरताळाचा पट्टा दिसे आणि खरवडलेले चामडेही बोटांना जाणवे. वस्तूच स्वतःच्या हानीची नोंद ठेवी. संगणकीय नोंद अशी खूण आपणहून सोडत नाही. ती मुद्दाम ठेवावी लागते: काय काढले, कोणी, केव्हा आणि कशासाठी. एवढी चार उत्तरे मागे ठेवून एखादी भिंत नोंदीतून खुशाल काढावी. ती न ठेवता काढली, तर पुढच्या अभ्यासकाला तर्क करायलाही जागा उरणार नाही; कारण काही नाहीसे झाले आहे, हेच त्याला कळणार नाही.