समिट, पॅट

(१४ जून १९५२ – २८ जून २०१६). अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक. मूळ नाव पॅट्रिशिया स्यू हेड. १९७४ साली, वयाच्या २२व्या वर्षी, त्यांनी नॉक्सव्हिल येथे या संघाची सूत्रे हाती घेतली आणि २०१२ पर्यंत सलग ३८ हंगाम ती सांभाळली. या काळात संघाने १,०९८ सामने जिंकले, २०८ गमावले आणि राष्ट्रीय विजेतेपद आठ वेळा पटकावले. एकाही हंगामात पराभवांची संख्या विजयांहून जास्त झाली नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत, पुरुष आणि महिला संघांचे प्रशिक्षक एकत्र धरूनही, इतके विजय दुसऱ्या कोणाच्या नावावर नव्हते. त्यांच्या कारकिर्दीचा आणखी एक हिशेब आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच अधिक मोलाचा आहे: ज्या ज्या मुलीने त्यांच्या संघात खेळण्याची मुदत पूर्ण केली, तिने पदवीही घेतली. याला एकही अपवाद नाही.

त्यांचा जन्म टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिलचा. वडील रिचर्ड आणि आई हेझेल यांची शेती होती, जोडीला दुधाचा धंदा. गाईंच्या धारा, तंबाखूची लावणी, गवत कापून गठ्ठे रचणे ही कामे पाचही भावंडांच्या वाट्याला येत आणि मुलगी म्हणून पॅटला त्यात सूट नव्हती. दिवसभराचे काम आटोपले की गवताच्या माळ्यावर टांगलेल्या कडीत चेंडू टाकण्याचा खेळ रंगे. समोर तीन थोरले भाऊ असत आणि त्यांच्याकडून धसमुसळेपणात कुठलीही सवलत मिळत नसे. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघ नव्हता. तो शेजारच्या चीथम काउंटीत होता, म्हणून वडिलांनी सगळे बिऱ्हाड हेन्रिएटा या गावी हलवले. कडक शिस्तीच्या आणि मोजकेच बोलणाऱ्या या शेतकऱ्याने मुलीच्या खेळासाठी घर बदलले, ही गोष्ट १९६०च्या दशकातली आहे.

पुढे टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन येथील संकुलात त्यांनी प्रवेश घेतला. भावांना खेळाची शिष्यवृत्ती मिळाली होती. पॅटच्या शिक्षणाचा खर्च मात्र आईवडिलांनी पदरचा केला, कारण मुलींसाठी तशी शिष्यवृत्तीच तेव्हा तिथे नव्हती. त्या शिकत असतानाच, २३ जून १९७२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीवर सही केली. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. मूळ कलमात खेळाचा साधा उल्लेखही नाही. परंतु महाविद्यालयांची मैदाने, शिष्यवृत्त्या आणि प्रवासखर्च हेही शिक्षणाचेच भाग ठरले आणि पुढच्या दशकभरात मुलींच्या खेळाचे रूप पालटले. समिट यांची कारकीर्द या कायद्याच्या जोडीने वाढली. कायद्याने दार उघडले खरे, पण त्यातून आत येणाऱ्या मुलींना घडवायला कोणीतरी तिथे ठाण मांडून बसावे लागते. नॉक्सव्हिलला ते काम समिट यांनी केले.

१९७४ च्या सुरुवातीला त्यांच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली. त्याच वर्षी त्या नॉक्सव्हिलला आल्या त्या पदव्युत्तर शिक्षण घेता घेता शिकवण्यासाठी आणि संघाला साहाय्यक म्हणून. मुख्य प्रशिक्षक अभ्यासरजेवर गेल्या आणि ही जबाबदारी अचानक त्यांच्यावर येऊन पडली. महिना २५० डॉलर मिळत. संघातल्या काही मुली त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान होत्या. बाहेरगावच्या सामन्यांना गाडी स्वतः प्रशिक्षकच चालवत, परतल्यावर गणवेशही त्याच धूत. ते गणवेशही डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले. पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध झाला आणि तो एका गुणाने, ८३-८४ असा हातचा गेला. हे सगळे चालू असताना स्वतःचे शिक्षण, वर्गावरचे तास आणि दुखऱ्या गुडघ्याचा व्यायाम, कारण ऑलिंपिकमध्ये खेळण्याची जिद्द त्यांनी सोडली नव्हती.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव येथे महाविद्यालये आहेत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुली एसटीने तिथे येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मुलींचा संघ न्यायचा तर खेळाच्या डावपेचांआधी क्रीडा संचालकाला जाण्यायेण्याची गाडी, गणवेश, परतायला होणारा उशीर आणि घरच्यांचा होकार यांची जुळणी करावी लागते. शेवटची एसटी किती वाजता सुटते यावर सरावाची वेळ ठरते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असल्यामुळे खेळाला घरातून थोडे बळ मिळते. मात्र महाविद्यालयाच्या क्रीडाखर्चात मुलींचा समान वाटा सक्तीचा करणारा टायटल नाइनसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे एका जागी राहून मुलींचे संघ उभे करणाऱ्या प्रशिक्षकांचे मोल इथे अधिक आहे. अशा माणसांची दखल फार उशिरा घेतली जाते. नाशिकमध्ये अनेक वर्षे मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या शैलजा जैन यांचे नाव देशभर झाले ते २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखालील इराणच्या महिला संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले तेव्हा.

समिट यांना आपल्याच राज्यात एक लढाई द्यावी लागली. टेनेसीतील शाळांत मुलींचा बास्केटबॉल सहा जणींचा खेळला जाई: तिघी मैदानाच्या एका अर्ध्यात फक्त बचाव करणार, तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त चढाई करणार, मधली रेषा ओलांडायची नाही. मुलींना पूर्ण मैदान धावणे झेपणार नाही ही त्यामागची जुनी समजूत होती. या नियमाने बचावात अडकलेल्या मुलीला शाळेची सगळी वर्षे संपेपर्यंत बास्केटमध्ये चेंडू टाकायलाच मिळत नसे, मग महाविद्यालयाची शिष्यवृत्ती तिला कशी मिळणार? व्हिक्टोरिया केप या शाळकरी खेळाडूच्या बाजूने हे प्रकरण न्यायालयात गेले. वरच्या न्यायालयात निकाल विरोधात लागला, तरी वाद शमला नाही. समिट यांनी नियमाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. आपल्या राज्यातल्या मुली पूर्ण मैदानाच्या खेळात तयार होत नसतील तर आपल्याला खेळाडू बाहेरून आणावे लागतील, असा त्यांचा रोखठोक पवित्रा होता. १९७९-८० च्या हंगामापासून टेनेसीतील शाळांनी पाच जणींचा खेळ स्वीकारला. त्यांच्या सगळ्या चषकांपेक्षा या बदलाचा लाभ अधिक मुलींना झाला असावा.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. तिथे अमेरिकी संघाच्या सहकर्णधार म्हणून त्यांनी रौप्यपदक मिळवले, सुवर्ण सोव्हिएत संघाला मिळाले. आठ वर्षांनी, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, त्यांच्या प्रशिक्षणाखाली अमेरिकी महिलांनी सुवर्णपदक जिंकले. दरम्यान १९८० मध्ये आर. बी. समिट यांच्याशी विवाह झाल्यावर त्या ‘समिट’ या आडनावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

त्यांच्या खेळाचा पाया बचाव आणि रिबाउंड हा होता. नेम एखाद्या दिवशी लागतो, एखाद्या दिवशी लागत नाही. पण बास्केटवर आपटून परतलेल्या चेंडूवर झडप घालणे हे मनाच्या तयारीवर आणि कष्टावर अवलंबून असते आणि कष्ट रोज करता येतात, अशी त्यांची धारणा होती. सरावात त्या आपल्या मुलींना विद्यापीठातील मुलग्यांविरुद्ध खेळवत, म्हणजे सामन्यात समोर येणारी प्रतिस्पर्धी त्यामानाने सोपी वाटे. चूक झाली की त्या काही न बोलता नुसत्या रोखून बघत. त्या निळ्या नजरेची धास्ती खेळाडूंना आयुष्यभर पुरली, असे त्यांच्यापैकी अनेकींनी सांगितले आहे. वर्गातही नियम तितकाच पक्का होता: तास बुडवायचा नाही आणि बसायचे ते पहिल्या तीन रांगांतच. मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या खेळाडूंचे दृश्य जगातल्या कुठल्याही महाविद्यालयात दिसते, त्यावर त्यांनी काढलेला हा साधा तोडगा होता. पदव्यांच्या शंभर टक्के हिशेबाचे मूळ इथे आहे.

यश लगेच आले नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत संघ वारंवार पोहोचे आणि रिकाम्या हाताने परते. पहिले विजेतेपद १९८७ मध्ये, म्हणजे तेराव्या हंगामात, लुइझियाना टेकला ६७-४४ असे नमवून मिळाले. त्यानंतर १९८९ आणि १९९१. मग १९९६, १९९७ आणि १९९८ अशी सलग तीन. यांपैकी १९९७ चे विजेतेपद लेखकाला सर्वांत बोलके वाटते, कारण त्या हंगामात संघ दहा सामने हरला होता आणि अनेकांनी त्याला मोडीत काढले होते. पुढच्याच वर्षी शमीक होल्डस्क्लॉ, टमीका कॅचिंग्ज आणि सेमीका रँडल या तिघींच्या जोरावर त्याच संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले. २००७ आणि २००८ ची विजेतेपदे कँडेस पार्करच्या काळातली.

१९९६ च्या विजयामागे एक हकीकत आहे. सप्टेंबर १९९० मध्ये समिट यांचे दिवस भरत आले होते. तरीही मिशेल मार्सिनियाक या शाळकरी खेळाडूने टेनेसीला यावे म्हणून त्या तिच्या पेनसिल्व्हेनियातील घरी गेल्या. बोलणे चालू असतानाच प्रसूतीची चिन्हे दिसू लागली. परतीच्या छोट्या विमानाच्या वैमानिकांनी वाटेत व्हर्जिनियात उतरण्याची तयारी दाखवली, पण मूल टेनेसीतच जन्मेल असे सांगून समिट यांनी ती धुडकावली. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने टेनेसीला राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर काढले होते, हेही त्यांच्या मनात होते. मुलगा टायलर नॉक्सव्हिललाच जन्मला. मार्सिनियाक आधी दुसऱ्या विद्यापीठात गेली, नंतर टेनेसीत आली आणि १९९६ च्या अंतिम फेरीची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली.

१९९५ पासून कनेक्टिकट विद्यापीठ आणि त्याचे प्रशिक्षक जीनो ऑरीएमा यांच्याशी टेनेसीची चुरस रंगली. दूरचित्रवाणीमुळे हे सामने देशभर पाहिले जाऊ लागले आणि महिला बास्केटबॉलला हक्काचा प्रेक्षक मिळाला. २००७ मध्ये टेनेसीने ही सामन्यांची मालिका थांबवली, तोवर झालेल्या २२ सामन्यांपैकी १३ कनेक्टिकटने जिंकले होते. टेनेसीच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद समिट यांच्यापुढे दोनदा आले. दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला, कारण पुरुषांच्या संघाकडे जाणे म्हणजे बढती हे गृहीतकच त्यांना मान्य नव्हते. २००६ मध्ये त्यांचे मानधन वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर गेले. महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला तोवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. या वाढत्या पैशाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. टायटल नाइनपूर्वी अमेरिकेतील महिला संघांच्या प्रशिक्षक बहुतांशी स्त्रियाच असत. पगार आणि प्रतिष्ठा वाढली तसे पुरुष या पदांवर आले आणि स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरले. समिट यांच्या साहाय्यक मात्र बहुतेक काळ स्त्रियाच होत्या. मिकी डिमॉस आणि पूर्वी त्यांच्याच संघातून खेळलेल्या हॉली वॉर्लिक यांनी वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर काम केले.

२२ मार्च २००५ रोजी ८८०वा विजय मिळवून त्यांनी पुरुष संघाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा सर्वाधिक विजयांचा विक्रम मागे टाकला. त्या दिवशी टेनेसीच्या बंदिस्त क्रीडागारातील मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. बास्केटबॉलच्या नेस्मिथ सन्मानदालनात त्यांचा समावेश २००० साली झाला होता.

२०११ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, मेयो क्लिनिकमध्ये त्यांना अकाली जडणाऱ्या अल्झायमरचे निदान झाले. ऑगस्टमध्ये त्यांनी ते स्वतःहून जाहीर केले आणि पुढचा हंगामही बाकावर बसून पूर्ण केला. डावपेचांचा बराचसा भार वॉर्लिक यांनी उचलला. स्मृतिभ्रंशाचे नाव घ्यायलाही कुटुंबे कचरतात, अशा काळात एका नामवंत प्रशिक्षकाने आजार न लपवता कामावर राहणे याचा परिणाम खेळापलीकडे झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी आणि टायलरने या आजारावरील संशोधनासाठी पॅट समिट प्रतिष्ठान स्थापन केले. शेवटच्या हंगामात संघाने आपल्या विभागाचे विजेतेपद जिंकले. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र अंतिम चारच्या उंबरठ्यावर बेलर विद्यापीठाकडून हार पत्करावी लागली. एप्रिल २०१२ मध्ये वॉर्लिक यांच्याकडे संघ सोपवून त्या पायउतार झाल्या. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ‘सम इट अप’ हे त्यांचे आत्मकथन सॅली जेंकिन्स यांच्या साहाय्याने लिहिले गेले आणि २०१३ मध्ये प्रकाशित झाले. नॉक्सव्हिल येथे वयाच्या ६४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१,०९८ विजयांचा विक्रम स्टॅनफर्डच्या टॅरा व्हॅनडर्व्हीर यांनी डिसेंबर २०२० मध्ये मोडला आणि पुढे ऑरीएमा त्यांच्याही पुढे गेले. समिट यांच्या हाताखाली घडलेल्या अनेक खेळाडू स्वतः प्रशिक्षक झाल्या. १९९६ ते १९९८ या तिन्ही विजेत्या संघांतून खेळलेल्या केली हार्पर (पूर्वाश्रमीच्या जॉली) यांनी २०१९ ते २०२४ या काळात टेनेसीच्याच महिला संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले.