दोन शकुंतला आणि एक अंगठी

१८८० सालच्या ३१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास सांगताना ही तारीख आपण हटकून सांगतो. त्या रात्री सात अंकांपैकी पहिले चारच झाले, हे मात्र सांगायचे बहुधा राहून जाते. शकुंतला सासरी निघाली, वेलींचा नि हरिणांचा निरोप झाला, कण्वांचे डोळे पाणावले आणि पडदा पडला. राजाने तिला भर दरबारात ओळख दिली नाही, हे त्या रात्री पुण्यात घडलेच नाही. उरलेले अंक मागाहून बसवले गेले.

हा तपशील मी प्रथम वाचला तेव्हा मला माझ्या आत्याची आठवण झाली. आमच्या घरी शकुंतलेची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाई. आजीची शकुंतला नाटकातली. ती लाजे, झाडांना पाणी घाली, दुःख भोगी आणि शेवटी तिला नवरा परत मिळे. “देव करतो ते बऱ्यासाठी,” असे म्हणून आजी हात जोडी. आत्या संस्कृत शिकलेली होती. ती सासरी न राहता आमच्याकडेच राहत असे. का, ते मुलांनी विचारायचे नसे. आजीचे हात जोडून झाले की ती निवडत्या तांदळातून मान वर न करता म्हणे, “आई, ज्याने चारचौघांत ओळखत नाही म्हणून सांगितले, त्याच्याकडे ती परत गेलीच कशी?” आजीजवळ याला उत्तर नसे. पुष्कळ वर्षांनी मला कळले की दोघी एकाच शकुंतलेविषयी बोलत नव्हत्या.

पहिली शकुंतला महाभारताच्या आदिपर्वात आहे. कण्व फळे आणायला रानात गेलेले असतात. आलेल्या राजाचे स्वागत ती एकटीच करते आणि विश्वामित्र-मेनकेपासून झालेला आपला जन्मही न अडखळता सांगते. राजा गांधर्वविवाहाची गोष्ट काढतो, तेव्हा वडील येईपर्यंत थांबा असे ती प्रथम सुचवते. तो थांबत नाही असे पाहून ती अट घालते: माझ्या पोटी येणारा मुलगाच तुमच्यामागे गादीवर बसला पाहिजे. पुढे मुलगा मोठा झाल्यावर त्याला घेऊन ती दरबारात येते. दुष्यंताला सारे आठवत असते. तरीही तो नाही म्हणतो; वर तिच्या आईचाही उद्धार करतो. मग ती जे बोलते ते ऐकण्यासारखे आहे. स्वतःला ती मेरूची उपमा देते आणि राजाला मोहरीची. पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, हे त्याला खडसावून सांगते आणि तुझ्यावाचूनही माझा मुलगा पृथ्वीचे राज्य करील, असे बजावून निघू लागते. तेव्हा आकाशवाणी होते आणि राजा मुलाला जवळ घेतो. आपल्याला सर्व ठाऊक होते, पण नुसत्या तिच्या शब्दावर स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती, असा खुलासाही तो करतो.

या कथेत शाप नाही, अंगठी नाही. शेवटी प्रेमाचे पुनर्मीलन आहे असेही फारसे म्हणवत नाही. एका बाईने अटीवर केलेला करार पुरा करून घेतला, एवढेच. पण पहिल्या भेटीत अट घालणारी आणि दरबारात भांडणारी बाई एकच आहे. म्हणून हा शेवट वाचणाऱ्याला खटकत नाही.

सामान्यतः इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकात मानल्या जाणाऱ्या कालिदासापुढे अडचण होती ती राजाची. जाणूनबुजून खोटे बोलणारा मनुष्य प्रेमकथेचा नायक कसा व्हावा? त्याने दुर्वासाला आणले. पतीच्या चिंतनात बुडालेल्या शकुंतलेला दारातल्या ऋषीची हाक ऐकू येत नाही. ऋषी शाप देतो. सख्या गयावया करून खुणेच्या दागिन्याचा उःशाप मिळवतात आणि तिला काहीच सांगत नाहीत. अंगठीची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. कट्ठहारी जातकात लाकडे वेचणाऱ्या स्त्रीला राजा अंगठी देतो आणि पुढे सारे माहीत असून लाजेकाजेस्तव तिला नाकारतो. तिथे अंगठी पुरावा आहे. कालिदासाने तिचीच राजाची स्मृती केली. ती पाण्यात पडली, माशाने गिळली, कोळ्याला सापडली. राजा निर्दोष सुटला.

पण राजाच्या शिरावरचे ओझे उतरले ते नायिकेच्या शिरावर गेले. आता चूक ठरली तिच्या तंद्रीची. तिचा स्वभावही बदलावा लागला. महाभारतात संस्कृतात वाद घालणारी ही मुलगी नाटकाच्या रूढीप्रमाणे प्राकृत बोलू लागली. जन्माची हकीकत राजाला आता सखी सांगते. कमळाच्या पानावर नखांनी प्रेमपत्र लिहिण्याइतके धैर्य तिच्यात आहे, पण तेही सख्यांनी सुचवल्यावर.

आणि मग पाचवा अंक येतो. अंगठी बोटात नाही. ती हरिणाच्या पाडसाची आठवण देते: राजाच्या हातून पाणी न पिणारे ते पिल्लू माझ्या हातून प्याले होते ना? राजा बायकांच्या उपजत लबाडीवर एक टोमणा मारतो. त्यासरशी ती लाजरी मुलगी त्याला तोंडावर अनार्य म्हणते. महाभारतातली शकुंतला क्षणभर जागी झाल्यासारखी वाटते. पण क्षणभरच. आश्रमाचा शार्ङ्गरव तिला बजावतो की, राजा म्हणतो तशी तू असशील तर पित्याला तुझे काय होय, आणि शुद्ध असशील तर नवऱ्याच्या घरी दास्यही बरे. सासरचे दार बंद झाले आणि माहेरचेही. तेजाची एक आकृती तिला उचलून नेते. सातव्या अंकात हेमकूट पर्वतावर मारीचाच्या आश्रमात पुन्हा भेटते ती मळकट वस्त्रांतली, एकवेणी, सारा दोष आपल्या पूर्वकर्माला देणारी.

लाजरी, मग संतप्त, मग क्षमाशील. यांतली खरी कोणती? ज्याने जी खरी मानली, त्याला तसा शेवट दिसला. विल्यम जोन्सने १७८९ साली कलकत्त्यात इंग्रजी भाषांतर छापले, १७९१ मध्ये फोर्स्टरने त्यावरून जर्मन केले आणि गोएथे त्यावर लुब्ध झाला. त्या युरोपला दिसली ती निसर्गाची निष्पाप लेक. तिचा शेवट स्वर्गीयच असायचा. बंकिमचंद्रांना एका नावात दोन बायका दिसल्या, लग्नाआधी शेक्सपिअरची मिरांडा आणि लग्नानंतर डेस्डिमोना. रवींद्रनाथांनी १९०२ साली हे वेगळेपण म्हणजेच वाढ, असे मांडले. पहिल्या मीलनात केवळ ओढ होती, दुसरे तपाने शुद्ध झाले. कामीय क्लोदेल या फ्रेंच शिल्पकार स्त्रीने १८८८ मध्ये हाच शेवट घडवला. तिच्या शिल्पात पुरुष गुडघ्यांवर आहे आणि स्त्री त्याच्याकडे झुकलेली आहे. रोमिला थापर यांनी १९९९ साली दोन्ही शकुंतला आणि त्यांची ही सारी वाचने एका पुस्तकात शेजारी ठेवली. आपल्याकडे शांतारामबापूंनाही ही कथा एकदा सांगून पुरली नाही. १९४३ च्या ‘शकुंतला’नंतर १९६१ साली त्यांनी तिच्यावरच ‘स्त्री’ काढला.

मग कालिदासाची नायिका फसली म्हणायची काय? मला तसे वाटत नाही. सातवा अंक सावकाश वाचावा. राजा तिच्या पाया पडतो, ती त्याला उठवते. या वेळी शापाची गोष्ट तिला मुळीच ठाऊक नाही. ती मारीच मागाहून सांगतो, आणि ते ऐकतानाही आपल्याला शाप झाल्याचे तिला आठवत नाही. म्हणजे शापाने राजा सुटला तो तुमच्याआमच्या नजरेत. तिने त्याला उठवले ते कोणतीही सबब हाती नसताना. त्याच भेटीत तिचे लक्ष त्याच्या बोटातल्या अंगठीकडे जाते. तो ती तिला पुन्हा देऊ करतो. ती घेत नाही. हिच्यावर आता माझा विश्वास नाही, ही तुमच्याचकडे असू द्या, असे सांगते.

आदळआपट नाही, मेरू नाही, मोहरी नाही. पण दरबारात जिने राजाला अनार्य म्हटले ती कुठे गेली, या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळते. ती कुठेही गेलेली नाही. तिने माणूस परत घेतला आणि खूण परत घेतली नाही. माणसावरचा विश्वास आता त्याच्या खुणेवर अवलंबून ठेवायला ती तयार नाही. अट घालणारी ती पहिली शकुंतला या एका नकारात शिल्लक आहे.

भाऊबीजेच्या रात्री एकदा आम्हां मुलांच्या हट्टामुळे आत्याने स्वतः ही गोष्ट सांगितली होती. आजीही दाराशी येऊन बसली होती. छाव्याचे दात मोजणाऱ्या भरताशी आम्ही रमलो, राजा पाया पडला तेव्हा आजीने डोळे पुसले. आत्या अंगठीपाशी आली आणि थांबली.

“पुढे?” आम्ही विचारले.

“पुढे काय, गेली आपल्या घरी,” ती म्हणाली. मग आजीकडे बघून म्हणाली, “पण अंगठी नाही हो घातली तिने.”

आजी काही बोलली नाही. तिने उठून निरांजनात तेवढे तेल घातले.