काळ्या पडद्यावरचे चित्र



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा झाली ती गिरणीच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. तथापि हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो गरजेने आमच्या पदरात पडला.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक होता. भंगारात जाता जाता एका सभासदाने तो उचलून आणलेला. खिडक्या, चित्रे आणि फिरता बाण दाखवणारी जी मांडणी, जिला डेस्कटॉप म्हणतात, ती त्याला पेलत नव्हती. लिनक्स तेवढे चाले; म्हणजे काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरे. दुसऱ्या दिवशी कामगार न्यायालयात तारीख होती. कामावरून काढलेल्या दोघा कामगारांचे त्या वेळच्या कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले होते की नाही, हाच वादाचा मुद्दा. हजेरीपुस्तकाच्या पानांचे फोटो हाती आले होते, पण ते पेनड्राइव्हमध्ये. रात्र झालेली, बाजारातली दुकाने बंद. आमच्यातला एक तरुण विणकर म्हणाला, “काका, फोटो म्हणजे तरी शेवटी आकडेच ना? मग डेस्कटॉप कशाला हवा?”

त्या पोराच्या तोंडून, त्याला ठाऊक नसताना, दोनशे वर्षांचा इतिहास बोलला.

आमचे वडील सोलापुरात जेकार्डच्या मागावर चादरी विणीत. वर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरे. जिथे छिद्र तिथे ताण्याचा धागा उचलला जाई, जिथे छिद्र नाही तिथे तो खालीच राही. चादरीवरचा मोर म्हणजे ‘उचल’ आणि ‘नको’ अशा हजारो हुकुमांची बेरीज. फ्रान्समधील लिआँ शहरच्या जोसेफ मारी जाकारने हे यंत्र १८०४ च्या सुमारास सिद्ध केले. पुढे १८३९ मध्ये त्याचीच तसबीर रेशमात विणली गेली, तेव्हा सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. चित्र ठिपक्यांत मोडता येते आणि ठिपके हुकुमांत लिहिता येतात, हे विणकरांच्या हातांना संगणकाच्या शंभर वर्षे आधी कळले होते.

१९५७ मध्ये अमेरिकेतील रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला. तो १७६ बिंदू रुंद आणि तितकाच उंच होता. पुढे १९६५ च्या जुलैत ‘मरिनर ४’ हे यान मंगळाजवळून गेले. त्याचे एकेक चित्र २०० ओळींचे, दर ओळीत २०० बिंदू, आणि प्रत्येक बिंदूची छटा ० ते ६३ या आकड्यांत. असे एक चित्र पृथ्वीवर उतरायला आठेक तास लागत. तेथील यंत्रज्ञांना धीर धरवेना. त्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या भिंतीशी शेजारी शेजारी लावल्या आणि आकड्याप्रमाणे रंगीत खडूने त्या भरून काढल्या. मंगळाचे जवळून घेतलेले पहिले चित्र माणसांनी असे हाताने रंगवून पाहिले! यंत्राने दाखवायचे बाकी असताना हातांनी पाहिले, ही गोष्ट आम्हां श्रमिकांना फार भावते.

आता लिनक्सकडे येऊ. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि जगापुढे उघडा ठेवला. साध्या संगणकाचा पडदा त्या काळी बहुधा ८० अक्षरे रुंद आणि २५ ओळी उंच असे. हा अक्षरांचा पडदा म्हणजे मुद्रकाच्या खिळ्यांचा फर्मा: ठरलेल्या चौकटीत ठरलेले अक्षरच बसायचे, मधला एखादाच ठिपका रंगवण्याची सोय नाही.

यातून पहिली वाट निघाली ती खिळ्यांनीच चित्र जुळवण्याची. गडद जागी भरदार अक्षर, फिकट जागी टिंब. यान हुबिच्का आदींनी १९९७ च्या सुमारास याच तत्त्वावर ‘एएलिब’ रचले. चेहरा दुरून ओळखू येई. परंतु त्या रात्री आम्ही हजेरीचे पान असे पाहू गेलो, तेव्हा पानाची चौकट दिसली आणि आकडा एकही लागला नाही.

दुसरी वाट ‘एसव्हीजीएलिब’ची, १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांतली. त्यातून ‘झेडजीव्ही’सारखे चित्रदर्शक चालत. येथे कार्यक्रम थेट चित्रयंत्राच्या अंगाला हात घाली. म्हणून त्याला सर्वाधिकार द्यावे लागत. आणि तो मध्येच कोलमडला की पडदा जागीच गोठे. एका मुकादमाच्या हाती सारी गिरणी सोपवावी, तसला हा प्रकार.

तिसरी वाट आम्हांला सर्वांत शिकवणारी वाटते. अमिगा, अटारी यांसारख्या, मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातील यंत्रांत अक्षरांचा तयार पडदाच नव्हता. तेव्हा तेथे लिनक्स नेणाऱ्यांना अक्षरेसुद्धा ठिपक्यांनी रंगवावी लागली. त्यासाठी त्यांनी गाभ्यातच ‘फ्रेमबफर’ नावाची सोय केली, आणि १९९९ च्या २.२ या आवृत्तीपासून ती साध्या संगणकांनाही मिळाली. ज्यांच्याकडे उणीव होती त्यांनी काढलेली तोड भरल्या घरच्यांच्या उपयोगी पडली!

फ्रेमबफर म्हणजे काय? पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीत राखून ठेवलेली जागा. पडदा १०२४ ठिपके रुंद आणि ७६८ उंच असेल, तर ठिपके झाले ७,८६,४३२. दर ठिपक्याला दोन बाइट दिले, तर १५,७२,८६४ बाइट. लिनक्स ही सारी जागा ‘एफबी०’ नावाच्या एका फाइलसारखी पुढे ठेवते. त्या फाइलीत आकडा लिहिला की ठिपका रंगतो. शंभर ओळी सोडून पुढच्या ओळीत पन्नास ठिपके सोडायचे असतील, तर १०० गुणिले १०२४, अधिक ५०, त्याची दुप्पट. म्हणजे २,०४,९०० बाइट सोडून पुढे लिहायचे. विणकराने धागे मोजावेत तसेच हे. फोटोची फाइल मात्र आकडे दाबून ठेवते, म्हणून आधी त्यांची घडी उलगडावी लागते. हे काम गेर्ड होफमन यांचा ‘एफबीआय’ हा छोटा दर्शक करतो. २००९ नंतर पडद्याची मापे ठरवण्याचे कामही गाभ्यातच आले. पण जुन्या दर्शकांसाठी ही वाट बुजवली गेली नाही.

ज्या चकत्यांवरून लिनक्स चढवले होते, त्यांतच हा दर्शक सापडला. पहिल्या प्रयत्नाला पडद्यावर उमटले, ‘परवानगी नाही’. पुस्तक चाळता उमगले, की पडद्याला हात लावण्याचा हक्क ‘व्हिडिओ’ नावाच्या गटाच्या सभासदांना असतो. आमचा तरुण विणकर हसून म्हणाला, “काका, इथेही आधी युनियनचं सभासद व्हावं लागतं!” त्याने आमचे नाव गटात घातले, बाहेर पडून पुन्हा आत आला, आणि काळ्या पडद्यावर हजेरीचे पान उभे राहिले. अधिक चिन्हाची कळ दाबावी, अक्षर मोठे व्हावे. पुढच्या पानाची कळ दाबावी, पान उलटावे. एक जण वाची, एक जण टाचणवहीत रेघा ओढी. पहाटेपर्यंत दोघांचेही दिवस २४० च्या पुढे गेले. सकाळी तो तक्ता आणि पेनड्राइव्ह घेऊन आम्ही वकिलांच्या दारात उभे होतो.

कुणी म्हणेल, चांगला संगणक मिळत असता हा खटाटोप कशाला? आमचे डेस्कटॉपशी वैर नाही. आज आमच्याही कचेरीत तो आहे. प्रश्न एवढाच, की साधन अपुरे पडले म्हणजे माणसाने हात टेकावेत काय? बंद पेटीतले यंत्र नादुरुस्त झाले की आपण गिऱ्हाईक उरतो. जे उघडे आहे, ज्याचे वर्म कुणीतरी लिहून ठेवले आहे, त्यापुढे सातवी शिकलेला माणूसही कारागीर होऊ शकतो. हे लिहून ठेवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी मजुरी घेतली नाही. आम्ही आयुष्यभर मजुरीसाठी भांडलो, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या श्रमाची किंमत आम्हांला कळते.

वडिलांच्या मागावरचा पुठ्ठा आम्ही अजून जपून ठेवला आहे. उजेडासमोर धरला की त्याच्या छिद्रांतून ठिपके भिंतीवर पडतात. त्या एका पुठ्ठ्यात मोर दिसत नाही. मोराची एक ओळ तेवढी असते. पण ती ओळ वाचता येणारा माणूस घरात असला, म्हणजे मोर हरवत नाही.