मोटारीतील मेणबत्ती

मोटारीच्या इंजिनाच्या डोक्यावर पांढऱ्या मानेचा जो लहानसा तुकडा आटे फिरवून बसविलेला असतो, त्यास आपण इंग्रजांच्या अनुकरणाने प्लग म्हणतो. प्लग म्हणजे बूच. भोक बुजविणारी वस्तू, एवढाच विचार या नावामागे आहे. युरोपातील इतर कित्येक भाषांनी मात्र तिच्या कार्याकडे पाहून तिचे नाव ठेविले. फ्रेंच तीस ‘बूजी’ म्हणतात, जर्मन ‘त्स्युंडकेर्झे’, इटालियन ‘कांदेला’, आणि गोव्यातील जुन्या पिढीच्या कानांस परिचित असलेल्या पोर्तुगीज भाषेत ती ‘व्हेला’ होते. या साऱ्या शब्दांच्या पोटी मेणबत्ती आहे. त्यांतील फ्रेंच शब्दाची कुळकथा तर आफ्रिकेपर्यंत जाते. अल्जीरियाच्या किनाऱ्यावर बेजाया नावाचे बंदर आहे. मध्ययुगात तेथून युरोपास मेण जात असे, आणि त्या बंदराच्या नावावरून मेणबत्तीलाच बूजी हे नाव पडले. याच बंदरात पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनात्चीने, आपली भारतीय अंकपद्धती शिकून घेतली; पण तो विषय निराळा.

बंद भांड्यातील वायू विजेच्या ठिणगीने पेटवावा, ही कल्पना मोटारीहून पुष्कळच जुनी आहे. १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा याने उत्तर इटलीतील मॅजोरे सरोवराच्या काठी, दलदलीतून बुडबुड्यांच्या रूपाने निघणारा ज्वालाग्राही वायू गोळा केला. पुढे त्याने एक विजेचे पिस्तूल बनविले. त्यात हा वायू व हवा भरून आत ठिणगी पाडली, की मोठा आवाज होऊन बूच उडे. पंडितांची करमणूक यापलीकडे त्या काळी या खेळण्यास कोणी किंमत दिली नाही. १८०७ मध्ये इसाक द रिव्हाझ या स्वित्झर्लंडच्या गृहस्थाने तीच युक्ती हायड्रोजन वायूवर योजून गाडी ओढणारे एक यंत्र रचले. परंतु आज ज्यास आपण प्लग म्हणून ओळखू असा पदार्थ नियमाने वापरात आला तो १८६० मध्ये, पॅरिस येथे, एतियेन लन्वार याच्या वायुइंजिनात. काही पुस्तकांत १८३९ हे साल व दुसऱ्याच एका गृहस्थाचे नाव दिलेले आढळते. त्यास पेटंटाचा आधार नसल्याने तो मान लन्वारकडेच ठेवणे न्याय्य होय.

लन्वारचा धंदा मूळचा धातूवर मिना चढविण्याचा. चिनीमाती आणि धातू एकमेकांस कसे धरून राहतात, याची जाण त्यास होती. चिनीमातीच्या नळीतून एक तार सिलिंडरात न्यावयाची, तिच्या टोकासमोर थोडे अंतर ठेवून दुसरे टोक उभे करावयाचे, आणि रुमकॉर्फच्या कॉइलमधून जोराचा विद्युद्दाब देऊन मधल्या फटीत ठिणगी पाडावयाची, ही त्याची रचना. आजचा प्लग तत्त्वतः याहून वेगळा नाही. तथापि लन्वारच्या इंजिनात मिश्रण दाबले जात नसे, हे लक्षात घेतले पाहिजे. वायू जितका अधिक दाबलेला, तितकी त्यातून ठिणगी उडण्यास अधिक दाबाची वीज लागते. १८७६ मध्ये निकोलाउस ओटो याने आधी मिश्रण दाबून मग पेटविणारे चार धावांचे इंजिन सिद्ध केले. मात्र ठिणगीवर विश्वास न ठेवता त्याने उघड्या ज्योतीने पेटविण्याची जुनी तऱ्हाच पसंत केली. डायम्लरने बाहेरून दिव्याने लाल तापविलेली नळी सिलिंडरात खुपसली. शेजारी पेट्रोलची टाकी आणि पुढे जळता दिवा, अशा स्थितीत आरंभीच्या कित्येक मोटारी रस्त्यांतून धावल्या! कार्ल बेन्झने १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडीत वीजच वापरली. पण मोटारीच्या साऱ्या अडचणींत पेटविण्याची अडचण सर्वांत बिकट, असे त्याचेही मत होते.

ही गाठ सोडविली श्टुटगार्टच्या रोबर्ट बोश याच्या कारखान्याने. १८८६ मध्ये उघडलेल्या या छोट्या कारखान्यात प्रथम जे मॅग्नेटो तयार होत, त्यांत सिलिंडरच्या आतच दोन टोके यांत्रिक दांड्यांनी एकमेकांपासून विलग करून ठिणगी काढावी लागे. इंजिनाचा वेग वाढला की या दांड्या मागे पडत. बोशचा सहकारी गोट्टलोब होनोल्ड याने ते हलते भाग काढून टाकले; मॅग्नेटोवर तारेची दोन वेटोळी गुंडाळून त्याने विजेचा दाब इतका वाढविला, की स्थिर टोकांमधील फट ती आपण होऊन ओलांडू लागली. त्याचे पेटंट जानेवारी १९०२ चे आहे. १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने मॅग्नेटोऐवजी बॅटरी, कॉइल व कॉन्टॅक्ट ब्रेकर यांची योजना केली, आणि पुढील साठ-सत्तर वर्षे बहुतेक मोटारी तिच्यावर चालल्या.

येथवरची कथा ठिणगीची झाली. ठिणगी कशी पाडावी हे माणसास व्होल्टापासून ठाऊक होते. ठिणगीस जागेवर धरून ठेवणारा पदार्थ मात्र त्यास पुढे कित्येक वर्षे सापडत नव्हता. प्लगच्या पांढऱ्या मानेवर काय प्रसंग गुदरतो ते पाहावे. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात एका सिलिंडरचा प्लग दर सेकंदास पंचवीस वेळा ठिणगी देतो. प्रत्येक वेळी त्याच्या टोकाभोवती दोन हजार अंशांहून अधिक उष्णतेची ज्वाला उठते, आणि लगेच पाठोपाठ बाहेरची थंड हवा त्यावर येऊन आदळते. इतक्यात पंधरा-वीस हजार व्होल्टांची वीज बाजूने निसटू द्यावयाची नाही, मोठा दाब झेलावयाचा, आणि तेल व काजळी यांनी माखूनही काम चालू ठेवावयाचे. साधी चिनीमाती या माऱ्याने तडकत असे. शिवाय फार तापली की ती थोडीबहुत वीजवाहक होते, आणि ठिणगी फटीत पडण्याऐवजी आतल्या आत जिरते.

तेव्हा अभ्रकाकडे लक्ष गेले. केनेल्म ली गिनेस या शर्यतपटूस आपल्या गाडीचे प्लग वारंवार दगा देतात असे दिसून आले. त्याने लंडनजवळ पटनी व्हेल येथे बंद पडलेली एक खानावळ घेऊन, १९१२ च्या सुमारास, तेथे अभ्रकाचे प्लग बनविण्यास आरंभ केला. अभ्रकाचे पातळ पापुद्रे मधल्या दांडीभोवती गुंडाळावयाचे आणि त्यावर अभ्रकाच्याच चकत्या एकावर एक रचून घट्ट दाबावयाच्या, अशी ही किचकट रीत होती. पण अभ्रक उष्णतेने तडकत नाही. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांस असेच प्लग लागले. पापुद्र्यांच्या अभ्रकाचा त्या काळचा मोठा पुरवठादार देश म्हणजे हिंदुस्थान. कोडर्मा, हजारीबाग, गिरिडीह हा आजच्या झारखंडातील टापू, आणि दक्षिणेस नेल्लोर, या ठिकाणी खाणींतून निघालेले अभ्रकाचे ठोकळे घेऊन बाया व मुले कोयत्यासारख्या चाकूने त्यांचे कागदाहून पातळ पापुद्रे सोलीत. प्लगचा इतिहास लिहिणारे बोश आणि गिनेस यांची नावे घेतात. या सोलणाऱ्या हातांचा उल्लेख क्वचितच होतो.

अभ्रकाचे राज्य फार काळ टिकले नाही, आणि त्यास कारण झाले पेट्रोल. डिसेंबर १९२१ मध्ये थॉमस मिजली याने असे दाखवून दिले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये किंचित मिसळले असता इंजिनाची ठोके मारण्याची खोड जाते. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. त्यातील शिशाचे अवशेष अभ्रकास खाऊ लागले आणि प्लगच्या टोकावर पुटे चढवू लागले. याच सुमारास रसायनशास्त्रज्ञ ॲल्युमिनाकडे वळले होते; जर्मनीत सीमेन्सने १९३० नंतरच्या वर्षांत ॲल्युमिनाची बारीक पूड दाबून, सुमारे १६०० अंशांवर भाजून, एकजीव केलेला रोधक तयार केला. माणिक आणि नीलम ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याची ही पांढरी मान. आजही गॅरेजमध्ये तिला चिनीमाती म्हणतात. ती चिनीमाती नव्हे.

ॲल्युमिनाने मान तडकण्याचा प्रश्न सोडविला. उरला उष्णतेचा प्रश्न. आणि प्लग निवडणाऱ्यास आजही त्याच्याशीच गाठ घालावी लागते. प्लगचे टोक सुमारे ४५० अंशांपेक्षा थंड राहिले, तर त्यावर बसलेली काजळी जळून जात नाही. ती साठते, वीज तिच्यावरून पळते आणि इंजिन अडखळते. तेच टोक साडेआठशे अंशांच्या वर तापले, तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण त्या निखाऱ्याने अगोदरच पेट घेते. वर येणाऱ्या दट्ट्यावर उलटा तडाखा बसतो, आणि क्वचित दट्ट्यास भोक पडते. या दोन मर्यादांच्या मध्ये प्लग राखण्यासाठी कारखानदार रोधकाचे आतील नाक कमीअधिक लांब करतात. नाक लांब असेल तर उष्णतेस डोक्याच्या थंड धातूपर्यंत पोहोचण्यास लांबचा रस्ता पडतो व टोक तापलेले राहते. हा ‘गरम’ प्लग. आखूड नाकाचा तो ‘थंड’. गरम प्लग म्हणजे जोरकस ठिणगी, असा समज पुष्कळांचा असतो. ठिणगीच्या जोराशी या गरमपणाचा काडीचाही संबंध नाही. बाजाराच्या गर्दीत दिवसभर रखडणारी गाडी टोक थंड ठेवते; तीच गाडी भरलेल्या सामानासह सावंतवाडीकडून आंबोलीचा घाट चढू लागली की टोक तापते. एकाच प्लगने दोन्ही निभावले पाहिजे, म्हणून निर्मात्याने त्या इंजिनासाठी ठरविलेला ऊष्मांकच घेणे शहाणपणाचे.

त्यातही आकड्यांचा घोटाळा आहे. जपानच्या एनजीके व डेन्सो या कंपन्यांच्या प्लगांवर अंक जितका मोठा तितका प्लग थंड. अमेरिकेच्या चॅम्पियन कंपनीचा हिशेब नेमका उलट. तेथे मोठा अंक म्हणजे गरम. (ज्याच्या नावाची ही कंपनी, तो आल्बेर शांपियों मुळात पॅरिसचा सायकलपटू, १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत त्याने जिंकली होती.) बोशने तर आपली रीत मध्येच बदलली. जुन्या पद्धतीत १७५, २२५ असे अंक असत व मोठा अंक थंड प्लगचा असे. नव्या पद्धतीत १७५ चा ७ झाला आणि २२५ चा ५. एका कंपनीचा प्लग न मिळाल्याने दुकानदाराने दुसरीचा तोच अंक हाती ठेवला, तर गिऱ्हाइकाच्या इंजिनात भलताच प्लग जातो.

भारतात हा विषय सामान्य माणसाच्या हातात आला तो लहान मोटारींबरोबर. १९५१ मध्ये स्थापन झालेली, बोशच्या सहकार्याने बंगळूर येथे प्लग बनविणारी मायको कंपनी, आणि मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट ११००, या दोहोंची जोडी एक पिढीभर टिकली. हीच गाडी पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. तिच्या चालकाच्या डिकीत पान्याबरोबर पॉलिश पेपरचा एक तुकडा हमखास असे. शिशाच्या पेट्रोलने प्लगवर पुटे चढत. चारही प्लग काढावयाचे, खरवडावयाचे, फीलर गेजने फट अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर आणावयाची आणि परत बसवावयाचे, हा त्याचा नित्यक्रम होता. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला सिलिंडर तीन, म्हणून प्लगही तीनच. देशातून शिशाचे पेट्रोल २००० मध्ये हद्दपार झाले. जगातून ते शेवटी गेले २०२१ मध्ये, आणि ते सोडणारा शेवटचा देश होता अल्जीरिया. बेजाया बंदराचाच देश.

शिसे गेल्यामुळे प्लगचे आयुष्य वाढले, तसे त्याचे धातूही बदलले. निकेल सुमारे १४५५ अंशांवर वितळते, प्लॅटिनम १७६८ अंशांवर, तर इरिडियम २४४६ अंशांवर. इरिडियमचे टोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक ठेवता येते. बारीक टोकावरून ठिणगी कमी दाबाने उडते आणि टोक लवकर झिजतही नाही. निकेलचा प्लग वीस ते चाळीस हजार किलोमीटरांनी बदलावा लागतो. इरिडियमचा लाखाच्या आसपास जातो. मात्र ज्या गाडीस निर्मात्याने निकेल नेमून दिले आहे, तीस इरिडियम बसविल्याने वेग वाढेल ही आशा व्यर्थ आहे; वाचते ते बदलण्याचे काम. झिजलेल्या प्लगवर निभावून नेण्याची जुनी काटकसर आता महागात पडते. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते, आणि त्याची किंमत प्लगांच्या कित्येक पट असते.

बदलताना इंजिन थंड असावे; ॲल्युमिनियमचे डोके गरम असता पाना लावला तर आटेच निघून येतात. प्लगच्या तळाभोवतीची धूळ आधी हवेने उडवावी. नवा प्लग आट्यांच्या व्यासाने व लांबीने जुन्याबरोबर ताडून घ्यावा. लांब असेल तो दट्ट्यास लागण्याचे भय, आखूड असेल तर डोक्यातील उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी भरते. पहिले फेरे हातानेच फिरवावे, आणि वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा, फार तर किंचित अधिक द्यावा. इरिडियमच्या टोकास पॉलिश पेपर लावू नये. काढलेले प्लग सिलिंडरांच्या अनुक्रमाने मांडून ठेवावेत, कारण त्यांवर इंजिनाची हकिगत लिहिलेली असते. फिकट तपकिरी रंग निरोगी, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड, पांढरे फुगलेले टोक म्हणजे अतिउष्णता. चारांपैकी तीन तपकिरी आणि एकच तेलाने ओला निघाला, तर बहुधा त्या सिलिंडरच्या रिंगा झिजलेल्या असतात. तेथे नवा प्लग बसविला तरी काही दिवसांत तोही तसाच ओला होतो.