रायफलची नळी किती वेळा साफ करावी? जास्त घासल्याने नेम बिघडतो का?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ४५१.४ गुण मिळवत कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. तेव्हापासून महाराष्ट्रात रायफल हातात घेणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली, आणि त्यांच्या पालकांना पडणारे प्रश्नही.

त्यातला एक प्रश्न दिसायला साधा आहे. रायफलची नळी, म्हणजे बॅरल, किती वेळा साफ करायची?

घरात कुठलीही वस्तू जितकी घासू तितकी चांगली, अशी आपली सवय. पितळेचा तांब्या असो की सायकलची चेन. रायफलच्या नळीला मात्र हा नियम लागू होत नाही. स्वच्छता हवीच, पण चुकीच्या पद्धतीनं केलेली स्वच्छता नळीचं कायमचं नुकसान करू शकते. ते कसं, हे समजून घेऊ.

नळीच्या आत नेमकं असतं काय?

रायफलची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात पिळदार खाचा कोरलेल्या असतात. गोळी या खाचांमध्ये घट्ट बसून पुढे सरकते आणि स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, तशीच फिरणारी गोळी हवेत सरळ जाते.

५० मीटरच्या लक्ष्यावर १० गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्म्या रुंदीचं. १० मीटर एअर रायफलमध्ये तर १० गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. इतक्या लहान जागेत गोळी पाठवायची तर प्रत्येक गोळीला नळीतून जाताना सारखीच वाट मिळायला हवी. नळी साफ करण्यामागचं खरं कारण हेच. ती चकाचक दिसण्याला फारसं महत्त्व नाही.

नळी कशाने घाण होते?

हे रायफलच्या प्रकारावर अवलंबून आहे.

.२२ रायफल : स्वप्निल आणि तेजस्विनीच्या प्रकारात वापरतात ती ही ५.६ मिलिमीटर बोअरची रायफल. तिची गोळी शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारखं वंगण असतं. प्रत्येक फैरीनंतर नळीत थोडं वंगण, थोडं शिसं आणि जळलेल्या दारूची काजळी उरते. ही काजळी चेंबरच्या पुढच्या भागात जास्त साचते आणि वेळेवर काढली नाही तर कडक होते.

मोठ्या बोअरच्या रायफली : यांच्या बहुतेक गोळ्यांवर तांबं मिसळलेल्या धातूचं आवरण असतं आणि वेग .२२ च्या दुपटीपेक्षाही जास्त असतो. त्यामुळे काजळीबरोबर तांब्याचा पातळ थर नळीला चिकटतो. शिवाय गरम वायूंमुळे चेंबरपुढची नळी हळूहळू झिजते. ही झीज साफसफाईनं भरून येत नाही.

एअर रायफल : इथे दारूच नाही, त्यामुळे काजळीही नाही. नळीत राहतो तो फक्त पेलेटच्या शिशाचा आणि त्यावरच्या तेलाचा अगदी थोडा अंश.

मग किती वेळा साफ करायची?

सगळ्या रायफलींना लागू पडेल असा एकच आकडा नाही. अनुभवी नेमबाजांमध्येही यावर दोन मतं आहेत. काहीजण प्रत्येक सरावानंतर नळी साफ करतात, तर काहीजण शेकडो गोळ्या झाडल्यावरच तिला हात लावतात. दोघांचेही नेम चांगले असू शकतात. तरी ढोबळ अंदाज असा :

• एअर रायफल – सगळ्यात कमी. सरावाआधी किंवा नंतर फेल्टच्या एक-दोन गोळ्या नळीतून ढकलल्या किंवा मऊ दोरीच्या पुलथ्रूनं कोरडी चिंदी ओढली तरी पुरतं.

• .२२ रायफल – सरावानंतर एक-दोन चिंध्या फिरवण्याइतकी हलकी सफाई. ब्रश आणि सॉल्व्हंट लावून सखोल सफाई काहीशे गोळ्यांनंतर, किंवा लक्ष्यावरचा गट विनाकारण पसरू लागला तर.

• मोठ्या बोअरची रायफल – गोळीबार झाला की त्याच दिवशी, निदान काजळी तरी काढायची. तांब्याचा थर काढण्याची गरज रायफलनुसार बदलते.

• न वापरता ठेवलेली कोणतीही रायफल – काही महिन्यांनी एकदा बाहेर काढून बघायची. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, त्याहून लवकर.

यापेक्षा भरवशाची पद्धत म्हणजे वही. किती गोळ्या झाडल्या, कोणत्या कंपनीच्या, नळी कधी साफ केली आणि १० गोळ्यांचा गट केवढा आला, एवढं लिहून ठेवायचं. दोन-तीन महिन्यांत आपली रायफल किती गोळ्यांनंतर बिघडायला लागते ते वहीतच दिसतं. दुसऱ्याच्या रायफलचा आकडा आपल्या रायफलला लागू पडेलच असं नाही.

जास्त साफ केल्याने तोटा काय?

पहिला तोटा तात्पुरता आहे. .२२ च्या नळीला गोळीवरच्या वंगणाचा एक पातळ, सारखा थर लागतो. त्या थरावर नळी ‘बसलेली’ असते. सखोल सफाईत तो निघून जातो आणि पुढच्या काही गोळ्या भलतीकडे जातात. नळी पुन्हा बसायला कधी पाच-दहा गोळ्या लागतात, तर कधी वीस. काडतुसाची कंपनी बदलली तरी हेच होतं, कारण वंगण बदलतं. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी लख्ख करून थेट मैदानात उतरणं अंगाशी येऊ शकतं.

दुसरा तोटा कायमचा. नळीचं पुढचं तोंड, ज्याला क्राऊन म्हणतात, हा रायफलचा अत्यंत नाजूक भाग. गोळी नळी सोडते ती इथेच. क्राऊनची कड सगळीकडून सारखी असेल तर मागचा वायू चारही बाजूंनी एकदम सुटतो. एका बाजूला कड झिजली तर तिकडून वायू आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. रॉड पुढून घातला आणि तो वाकत-घासत आत गेला, की झीज नेमकी या कडेची होते. एकदा नाही, पण शंभर वेळा केल्यावर ती लक्ष्यावर दिसते. मग गनस्मिथकडून क्राऊन नव्यानं कापून घ्यावा लागतो किंवा नळीच बदलावी लागते.

.२२ ची नळी गोळ्यांनी फार हळू झिजते. शिसं पोलादापेक्षा कितीतरी मऊ असतं. त्यामुळे अशी नळी लवकर खराब झाली तर गोळ्यांच्या आधी तिच्या साफसफाईकडे बघावं लागतं.

योग्य पद्धत कोणती?

१. आधी रायफल रिकामी आहे का ते बघा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोटानं चाचपून खात्री करा. नळीचं तोंड कुणाच्याही दिशेनं नको. टेबलावर काडतुसं नकोत. त्यानंतरच बोल्ट बाहेर काढा.

२. रायफल पक्की ठेवा, तोंड किंचित खाली. सॉल्व्हंट मागे वाहून ट्रिगरमध्ये किंवा लाकडी दस्त्यात मुरायला नको.

३. मागच्या बाजूनं बोअर गाइड बसवा. ही चेंबरमध्ये बसणारी नळकांडी रॉडला मधोमध ठेवते.

४. एकसंध रॉड वापरा. तीन तुकडे जोडून होणाऱ्या स्वस्त रॉडच्या सांध्यांच्या कडा आतून खरवडतात. आवरण असलेला किंवा कार्बन फायबरचा रॉड बरा. प्रत्येक वेळी तो पुसून घ्या, कारण त्यावर बसलेली धूळ पॉलिश पेपरसारखी काम करते.

५. सॉल्व्हंटनं ओली केलेली चिंदी मागून पुढे ढकला. पुढून बाहेर आली की काढून टाका. घाण झालेली चिंदी पुन्हा आत ओढू नका. अशा एक-दोन चिंध्यांनंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा, सॉल्व्हंटला काम करू द्या.

६. गरज असेल तरच ब्राँझचा ब्रश. तो पूर्ण पुढे जाऊ द्या, मगच मागे घ्या. नळीच्या मध्यात दिशा बदलू नका. लोखंडी तारेचा ब्रश कधीच नको.

७. कोरड्या चिंध्या फिरवा. चिंदीवर फक्त फिकट करडा रंग येऊ लागला की थांबा. पांढरीशुभ्र चिंदी निघेपर्यंत घासत बसण्याची गरज नसते.

८. रायफल ठेवून द्यायची असेल तर हलका तेलाचा हात. पुढच्या वेळी गोळी झाडण्याआधी कोरडी चिंदी फिरवून ते तेल काढायचंच. नळीत जास्त तेल असेल तर पहिली गोळी भलतीकडे जाते आणि मोठ्या बोअरमध्ये दाबही वाढू शकतो. चिंदीचा तुकडा आत अडकलेला नाही ना, हे उजेडाकडे धरून बघा. अडथळा असलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फुटू शकते.

काही रायफलींची रचनाच अशी असते की मागून रॉड घालता येत नाही. तिथे पुलथ्रू वापरावा. वजन लावलेली दोरी चेंबरमधून सोडायची आणि चिंदी पुढे ओढून घ्यायची. ओढताना दोरी तोंडाच्या कडेला घासू न देता सरळ रेषेत ओढायची. एनसीसीत असलेल्यांना ‘चार बाय दोन’ची चिंदी आणि पुलथ्रू आठवत असेल. ब्रिटिश काळातल्या ली-एनफिल्ड रायफलच्या दस्त्यातच पुलथ्रू आणि तेलाची कुपी ठेवायला जागा होती.

सैनिक नळीत उकळतं पाणी का ओतायचे?

ही दंतकथा नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मिठासारखा क्षार नळीत उरायचा. हा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पोलाद गंजायला लागतं. दमट हवेत रात्रभरातही गंज दिसू शकतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी उकळतं पाणी, मग कोरडी चिंदी आणि शेवटी तेल. उकळतं पाणी नळी तापवतं, त्यामुळे ती लवकर सुकतेही.

आजच्या स्पर्धेच्या काडतुसांत हा क्षार नसतो. त्यामुळे .२२ च्या रायफलला या उपायाची गरज नाही. जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं वापरली असतील तर मात्र नुसतं तेल लावून चालत नाही.

कोणत्या चुका महागात पडतात?

अमोनियाचं सॉल्व्हंट विसरणं : तांबं काढणाऱ्या अनेक सॉल्व्हंटमध्ये अमोनिया असतो. चिंदी निळी-हिरवी झाली की तांबं निघतंय असं समजायचं. पण ते बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ आत ठेवू नये. ब्राँझच्या ब्रशमध्येही तांबं असतं, त्यामुळे त्याच्याबरोबर वापरलं तर नळी साफ असूनही चिंदी निळी होते आणि माणूस उगाच घासत बसतो. शिशाच्या उघड्या गोळ्या वापरणाऱ्या .२२ ला हे सॉल्व्हंट लागतच नाही.

एअर रायफलमध्ये तेल ओतणं : दाबलेली हवा आणि पेट्रोलियम तेल एकत्र आले तर आत भडका उडू शकतो. सील खराब होतात, इजाही होऊ शकते. कंपनीनं सांगितलेलं वंगणच वापरावं.

बंद पेटीत ठेवणं : चामड्याचं किंवा फोमचं कव्हर ओल धरून ठेवतं. त्यात महिनोन्‌महिने ठेवलेली रायफल बाहेरून तेल लावलेली असली तरी आतून गंजते. कोरडं, कुलूपबंद कपाट आणि सिलिका जेलची पुडी हे साधे उपाय आहेत.

खंडेनवमीची वाट बघणं : अनेक परवानाधारक घरांत बंदूक वर्षातून एकदा, शस्त्रपूजेला बाहेर निघते. तेव्हा बाहेरचं लोखंड चमकवलं जातं, नळीत कुणी डोकावत नाही. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं तर तेही आठवडेच्या आठवडे पडून राहतं. जमा करण्याआधी नळी कोरडी करून तेल लावायचं आणि परत आल्यावर पुन्हा तपासायचं. गंजाचे खड्डे पडले असतील तर घरी पॉलिश पेपर मारू नये, परवानाधारक गनस्मिथला दाखवावं.

स्वतःच्या आरोग्याकडे दुर्लक्ष : चिंध्यांवर येणाऱ्या काळ्या घाणीत शिसं असतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, स्वयंपाकघरात किंवा लहान मुलांच्या जवळ हे काम करू नका. झाल्यावर साबणानं हात धुवा आणि त्याआधी काही खाऊ नका. वापरलेल्या चिंध्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा टाका.

थोडक्यात काय?

गोळ्यांचा हिशेब ठेवा, हलकी सफाई नियमित करा आणि सखोल सफाई गरज दिसली की करा. रॉड मागून घाला आणि चिंदी फिकट करडी होऊ लागली की हात थांबवा. स्पर्धेआधी सखोल सफाई केलीच तर नळी पुन्हा बसवण्यासाठी काही गोळ्या राखून ठेवा. अर्ध्या मिलिमीटरवर पदक ठरणाऱ्या खेळात नळीचं ते पुढचं तोंड जपणं हाही सरावाचाच भाग आहे.